‘आहे’ आणि ‘वाटतो’

अर्जात एक चौकट होती : ‘सहभागींना होऊ शकणारा धोका’. तिच्यात मी एकच शब्द लिहिला, ‘किमान’. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. माणसं येणार, स्क्रीनसमोर बसणार, एकामागून एक चेहरे बघणार आणि प्रत्येकाला एक ते सातमधला आकडा देणार. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. रक्त काढायचं नाही, गोळी द्यायची नाही, कुणाचं दुखरं काही उकरायचं नाही. फार तर डोळे शिणतील. पंधरवड्यात एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची, मंजुरी येईल या हिशोबाने मी प्रयोगाची खोलीसुद्धा राखून ठेवली.

मंजुरी यायला सात महिने लागले.

आधी अभ्यास काय होता ते सांगते. अनोळखी चेहरा दिसला की आपण त्या माणसाबद्दल काहीतरी ठरवून मोकळे होतो, हे कुणाला सांगायला नको. किती पटकन ठरवतो, ते मात्र प्रयोग करूनच कळलं. २००६ मध्ये जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेहरे फक्त एक दशांश सेकंद दाखवले. तेवढ्यात दिलेलं मत आणि हवा तेवढा वेळ घेऊन दिलेलं मत बरंचसं जुळलं. वेळ वाढवला तर मत फारसं बदलत नव्हतं, मत देणाऱ्याची खात्री तेवढी वाढत होती. त्याच्या आदल्या वर्षी टोडोरोव्ह यांच्याच गटाने अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांच्या फोटोंच्या जोड्या दाखवून ‘यांतला जास्त कर्तबगार कोण वाटतो?’ एवढंच विचारलं होतं. सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेला उमेदवारच निवडून आलेला निघाला.

मला यातलं एक छोटं टोक धरायचं होतं. एकाच माणसाचे, एकाच दिवशी, त्याच कपड्यांत काढलेले फोटो दाखवले तर ही मतं किती हलतात? २०१४ मध्ये टोडोरोव्ह आणि जेनी पोर्टर यांनी एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या फोटोंवरून वेगवेगळी मतं बनतात हे दाखवलं होतंच. मला तेच आणखी जवळून बघायचं होतं. चेहरा तोच राहून मत बदलत असेल, तर ‘चेहऱ्यावरून माणूस ओळखतो’ म्हणणाऱ्यांच्या पायाखालची चटई जराशी तरी सरकेल, असा माझा मनसुबा.

या मनसुब्यानेच माझा घात केला. मी चेहरे वाचणाऱ्यांच्या विरोधात, म्हणजे मी चांगल्या बाजूची. चांगल्या बाजूच्या माणसाला अर्जात ‘किमान’ लिहायला काय हरकत?

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, अकरा शंकांसह. दहा नेहमीच्याच होत्या : माहिती किती वर्षं ठेवणार, कुठे ठेवणार, मोबदला काय देणार, असल्या. चौथी शंका एका ओळीची होती. ‘छायाचित्रातील व्यक्ती या अभ्यासात सहभागी आहेत का?’

मी फटकन ‘नाही’ लिहायला घेतलं. सहभागी म्हणजे आकडे देणारे. फोटो म्हणजे साहित्य. आमच्या शास्त्रात त्याला शब्दच ‘उद्दीपक’ असा आहे. घंटेचा आवाज, लाल चौकोन, तसाच चेहरा. मार्गदर्शक सरांना दाखवलं तर ते म्हणाले, “नुसतं ‘नाही’ लिहू नका. समितीसमोर जाऊन बोला.”

तेव्हा माझा बेत इंटरनेटवरून फोटो घेण्याचा होता. मोकळ्या परवान्याचे, म्हणजे ‘कुणीही वापरा’ असं लिहिलेले फोटो हजारोंनी मिळतात. कायद्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे अशी माझी समजूत. तो परवाना कोण देतं, हे मी समितीसमोर उभी राहीपर्यंत मनात आणलं नव्हतं. परवाना देतो तो फोटो काढणारा. फोटोत जो उभा आहे त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. २०१९ मध्ये आयबीएमने चेहऱ्यांमधल्या वैविध्याचा अभ्यास व्हावा म्हणून सुमारे दहा लाख फोटोंचा संच संशोधकांना खुला केला. हे फोटो फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळावर लोकांनी मोकळ्या परवान्याने ठेवलेले होते. उद्देश चांगलाच होता. पण आपला चेहरा त्या संचात मोजमापांसह पडून आहे हे बऱ्याच जणांना बातम्यांतून कळलं, आणि परवान्यात बसत असूनही त्यावर गदारोळ झाला.

अशा समितीत एक तरी सदस्य संशोधनाबाहेरचा असतो. आमच्याकडे त्या जागी एक बाई होत्या, साठीच्या आतबाहेर. पाऊण तास त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला.

“तुम्ही समजा माझा फोटो घेतलात. आणि चाळीस जणांनी मला लबाड ठरवलं.”

“लबाड असं नाही, विश्वासार्हतेचा आकडा कमी...”

“तेच ते. तर ते मला कोण सांगणार?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “तुमचं नाव आम्हाला माहीतच नसेल. त्यामुळे तुम्हाला काही त्रास होण्याचा प्रश्न येत नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत, त्या चाळिसांना माहीत. मला तेवढं नाही.”

मी निनावीपणा, सरासरी, सांकेतिक क्रमांक असं बरंच सांगत राहिले. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “पण नाव काढलं तरी तोंड राहतंच ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या संशोधनात नाव, पत्ता, जन्मतारीख काढली की माहिती बऱ्यापैकी निनावी होते. माझ्या अभ्यासात जो ओळख पटवणारा भाग, तोच अभ्यासाचा विषय. डोळ्यांवर काळी पट्टी मारावी तर मग मत कशावर देणार?

अर्ज दुसऱ्यांदा परत आला. मी चिडले होते, हे कबूल करते. पुढचे काही दिवस मी सुटकेचे मार्ग शोधण्यात घालवले. पहिला म्हणजे संगणकाने बनवलेले चेहरे. २००८ मध्ये ओस्टरहोफ आणि टोडोरोव्ह यांनी आपली बहुतेक मतं विश्वासार्हता आणि दबदबा या दोन अक्षांभोवती फिरतात असं दाखवलं, आणि त्या अक्षांवर असेच कृत्रिम चेहरे बनवले होते. जे अस्तित्वातच नाहीत त्यांची संमती कशाला? पण मला एकाच माणसाचे खरेखुरे, क्षणाक्षणाला बदलणारे फोटो हवे होते, आणि बनवलेल्या चेहऱ्याला अवघडलेला क्षण नसतो. शिवाय हल्ली जे हुबेहूब खोटे चेहरे मिळतात, ते बनवायला शिकलेली यंत्रं खऱ्या चेहऱ्यांवरच शिकली. त्यातला सगळ्यात वापरात असलेला ७०,००० फोटोंचा संचही फ्लिकरवरूनच गोळा केलेला. म्हणजे तोच प्रश्न, एक पायरी मागे ढकललेला.

दुसरा मार्ग म्हणजे शंका चुकीची आहे असं सिद्ध करणं. त्यासाठी मी चेहरे वाचण्याचा इतिहास पुन्हा चाळायला घेतला, आणि तिथे माझीच बाजू लंगडी पडत गेली. योहान कास्पार लाव्हाटर हा स्वित्झर्लंडचा धर्मोपदेशक. १७७५ ते १७७८ या काळात त्याने मुखसामुद्रिकावर, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव सांगण्याच्या विद्येवर, चार जाडजूड खंड काढले. माणसांमाणसांत प्रेम वाढावं हा त्याचा जाहीर हेतू होता. त्याच्या मतांवर विश्वास असलेल्या जहाजाच्या कप्तानाने, रॉबर्ट फिट्झरॉयने, तरुण चार्ल्स डार्विनचं नाक बघून याच्यात एवढ्या सफरीची धडाडी नसणार असं जवळजवळ ठरवलं होतं; डार्विनने ही आठवण आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कानांवरून ओळखू येतात असं मांडलं. तोही स्वतःला सुधारक समजत होता. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ मिळतो का ते पाहिलं, तर जो मिश्र चेहरा निघाला तो मूळच्या कुठल्याही चेहऱ्यापेक्षा सौम्य दिसत होता. गॉल्टनने हे प्रामाणिकपणे नोंदवलं, आणि सुप्रजननाचा, म्हणजे निवडक माणसांचीच वंशवृद्धी व्हावी हा, आपला विचार काही सोडला नाही.

यातला एकही माणूस स्वतःच्या अर्जात ‘धोका : किमान’ याहून वेगळं काही लिहिता ना.

आणि हे सगळं जुनं आहे म्हणून सोडून द्यावं तर तेही जमेना. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी चेहऱ्याच्या फोटोवरून गुन्हेगार ओळखणारी संगणकप्रणाली बनवल्याचा दावा केला. टीकाकारांनी फोटो नीट पाहिले. गुन्हेगारांचे फोटो ओळखपत्रांचे, इतरांचे इंटरनेटवरून घेतलेले. इतरांच्या फोटोंत ओठांचे कोपरे किंचित वर, पांढऱ्या शर्टाची कॉलर, गुन्हेगारांच्या फोटोंत ते नाही. यंत्र हसू मोजत होतं, अशी शंका त्यांनी घेतली. २०२० मध्ये तसाच आणखी एक शोधनिबंध येणार अशी जाहिरात झाली, तेव्हा हजाराहून जास्त अभ्यासकांनी खुलं पत्र लिहून तो छापू नका म्हटलं आणि प्रकाशकाने तो छापणार नसल्याचं कळवलं.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं ते असं, की त्या ओळखपत्रांवरच्या माणसांना कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मी स्वतः त्या वादात कधीच विचारला नव्हता. मी त्यांच्या आकडेमोडीवर हसले होते. माझ्या लेखी तेही साहित्यच होते.

तर इंटरनेटचा बेत सोडला. माणसं बोलवायची, त्यांना विचारून फोटो काढायचे, असं ठरलं. आता संमतीपत्र.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं : ‘आपल्या छायाचित्रांचा वापर संशोधनासाठी केला जाईल.’ वाक्य शंभर टक्के खरं, आणि त्यातून काहीही कळत नाही. दुसऱ्या मसुद्यात ‘चेहऱ्याच्या आकलनाविषयीच्या संशोधनासाठी’ झालं. अजून जड, अजून पोकळ. सरांनी एक साधी कसोटी सांगितली : ज्या वाक्यामुळे एखादा माणूस नाही म्हणू शकेल ते वाक्य पत्रात आहे का, बघा. मग तिसऱ्यांदा लिहिलं : ‘तुम्हाला न ओळखणारे लोक तुमचा फोटो बघून तुम्ही किती विश्वासू, किती हुशार, किती रागीट वाटता याला आकडा देतील. हे आकडे कमीही असू शकतात. फोटो बघणाऱ्यांत तुमच्या ओळखीचं कुणी निघणारच नाही अशी हमी आम्ही देऊ शकत नाही.’

तोंडी होकार दिलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा हे वाचून गळला. एकीने पत्र तिथल्या तिथे घडी करून परत दिलं आणि म्हणाली, “मला आधीच माहीत आहे लोकांना मी कशी वाटते. कागदावर नको.” ती गेल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होते. इंटरनेटवरून फोटो उचलले असते तर तिचाही सापडला असता कदाचित, आणि तिचं हे वाक्य माझ्यापर्यंत आलंच नसतं.

याची किंमत शास्त्राच्या बाजूने चुकवावी लागली, तीही सांगायला हवी. जे उरले ते स्वतःच्या चेहऱ्याबाबत निर्धास्त असलेले. म्हणजे माझा नमुना आधीच एका बाजूला कललेला. नीतीने वागलं की शास्त्रही आपोआप चांगलं होतं असं काही लोक म्हणतात. माझा तरी तसा अनुभव नाही. शोधनिबंधात मला ही मर्यादा एक परिच्छेद खर्चून लिहावी लागली. दुसरी ओढाताण खुल्या विज्ञानाची. आमच्या क्षेत्रात निष्कर्ष पुन्हा तपासता यावेत म्हणून सगळं साहित्य खुलं ठेवा असा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे. पण ‘सहभाग मागे घेता येईल’ असं एकीकडे लिहायचं आणि दुसरीकडे त्याच माणसाचा फोटो जगाला उतरवून घ्यायला ठेवायचा, हे एका तोंडाने कसं बोलणार? आम्ही आकडे खुले ठेवले आणि फोटो कुलपात. त्यावर शोधनिबंध तपासणाऱ्या एका परीक्षकाने नाक मुरडलं. मुरडू दे.

आता आकडे देणाऱ्यांकडे येते. त्यांच्या बाबतीत मला काही काळजी नव्हती, आणि तिथेच एका क्रियापदाने अडवलं.

चाचणीच्या फेरीत स्क्रीनवर प्रश्न होता : ‘ही व्यक्ती किती विश्वासार्ह आहे?’ कुणालाच खटकलं नव्हतं, समितीलाही नाही. पहिल्याच दिवशी एक बाई वीस मिनिटं मन लावून बटणं दाबून झाल्यावर खुर्ची मागे सारत म्हणाल्या, “किती बरोबर आले माझे?”

“बरोबर म्हणजे?”

“म्हणजे खरे विश्वासू कोण ते तुमच्याकडे असेलच ना लिहिलेलं.”

त्यांचं काय चुकलं? ‘आहे’ असं विचारलं म्हणजे कुठेतरी उत्तरपत्रिका आहे असाच अर्थ होतो. वीस मिनिटं मी त्यांना असं शिकवत बसले होते की चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं असतं आणि ते त्यांना वाचता येतं. जो समज मोडायचा म्हणून एवढा खटाटोप, तोच मी वीस मिनिटं घोटून घेत होते. त्या संध्याकाळी सगळीकडे ‘आहे’ काढून ‘वाटते’ केलं. एक क्रियापद, पण समितीला कळवून, नवीन मसुदा जोडून, पुन्हा तीन आठवडे.

त्या बाईंना मी शेवटी, नियमाप्रमाणे, सगळं उलगडून सांगितलं. एक पुरुष त्यांना दोनदा दिसला होता. एका फोटोला त्यांनी दोन दिले होते, दुसऱ्याला सहा. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात तो दिव्याकडे बघून डोळे किंचित बारीक करतोय, दुसऱ्यात कुणीतरी खोलीत आलं म्हणून मान वळवतोय. मध्ये सात मिनिटं. त्यांनी पुढे वाकून पाहिलं, मग स्क्रीनवर बोट ठेवलं.

“तोच आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण इथे तो काहीतरी लपवतोय.”

“इथे त्याच्या डोळ्यांवर उजेड येत होता.”

“असेल. तरी पण.”

आमच्या शास्त्रात याला जुना आधार आहे. १९७५ मध्ये ली रॉस आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका कामात ते किती हुशार किंवा ढ ठरले याचे खोटे निकाल सांगितले, आणि मग ते निकाल बनावट होते हेही स्पष्ट सांगितलं. तरीही ज्यांना ‘हुशार’ म्हटलं होतं ते स्वतःला त्या कामात सरसच समजत राहिले, आणि ‘ढ’ म्हटलेले कमीच. मत ज्यावर उभं होतं तो खांब काढला तरी मत उभंच. ‘नंतर सगळं समजावून सांगितलं जाईल’ हे वाक्य अर्जात मीही लिहिलं होतं, जणू शेवटची पाच मिनिटं म्हणजे पाटीवरचं फडकं. आता मी समजावून सांगण्याआधी माणसाला त्याचेच दोन आकडे दाखवते आणि गप्प राहते. काहींवर परिणाम होतो. ‘तरी पण’ म्हणणारेही असतातच.

मंजुरी आली, अभ्यास झाला. फोटोंनुसार आकडे हलले, मला वाटलं होतं त्याहून जास्त. त्याबद्दल शोधनिबंधात लिहिलंय, इथे लांबवत नाही.

गेल्या महिन्यात फोटो देणाऱ्यांपैकी एक तरुण भेटायला आला. तोच, दिव्याकडे बघणारा. त्याला स्वतःचे आकडे बघायचे होते. संमतीपत्रात आम्ही लिहिलं होतं की आकडे आपणहून कळवणार नाही, मागितले तर दाखवू. हे कलम त्या चष्मेवाल्या बाईंनी घालायला लावलं होतं. मी नुसता तक्ता दिला नाही. त्याचे सगळे फोटो ओळीने लावले, प्रत्येकाखाली सरासरी, आणि एकाच फोटोला किती वेगवेगळे आकडे मिळालेत तेही दाखवलं. माझ्या परीने हे सगळ्यात समजूतदार सादरीकरण होतं. त्याची नजर बाकीच्यांवरून सरकत गेली आणि सगळ्यात कमी आकड्याच्या फोटोवर थांबली.

“हा कधी काढला?”

“त्याच दिवशी. दिव्याची जागा बदलण्याआधी.”

“माझा भाऊ म्हणतो मी असाच दिसतो,” तो म्हणाला. थोडा वेळ थांबून म्हणाला, “मॅडम, फोटो मागे घेता येतो असं लिहिलं होतं ना? मला हा एवढा एकच घ्यायचाय. बाकीचे राहू देत.”

संमतीपत्रात ‘सहभाग मागे घेता येईल’ असं आहे. एक फोटो मागे घेता येईल की नाही, याबद्दल अक्षरही नाही. मला सुचलंच नव्हतं, समितीलाही नाही. आणि प्रत्येकाने आपापला सगळ्यात वाईट फोटो काढून घेतला तर एकाच माणसाबद्दलची मतं किती हलतात हा माझा सगळा मुद्दाच विरघळून जाईल. त्याला मी हे सांगितलं नाही. ‘विचारून कळवते’ म्हणाले.

दुरुस्तीचा अर्ज टाकला आहे. समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. तोवर तो फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून ठेवलाय. फोल्डरला नाव काय द्यावं कळेना, म्हणून नुसती तारीख टाकली.